कै. दादासाहेब फाळके व त्यांची अंधारी खोली

नाशिक म्हटलें कीं गोदावरीचे घाट, पंचवटी आणि सिंहस्थ कुंभमेळा यांची आठवण कोणासही होते. परंतु याच जिल्ह्यांत जन्मास आलेल्या व याच शहरांत देह ठेवलेल्या एका पुरुषानें साऱ्या हिंदुस्थानास एक नवी कला दिली, याचें स्मरण आपणां नाशिककरांस असावें तितकें नसतें. कै. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके, यांचें नांव त्यांच्या स्मरणार्थ दिल्या जाणाऱ्या पारितोषिकामुळें वर्तमानपत्रांतून वारंवार येतें. आणि ते भारतीय चित्रपटाचे जनक होते एवढी माहिती शाळेंतील लहान मुलासही असते. परंतु पहिला चित्रपट काढण्यापूर्वीं सुमारें वीस वर्षें हा पुरुष कांचेच्या प्लेटी, रसायनांच्या बशा आणि रंगीत शाई यांच्या संगतींत होता, व चित्रपटही त्यानें कोणत्या मोठ्या कारखान्यांत नव्हे, तर राहत्या घरांतील अंधाऱ्या खोलींत धुऊन तयार केला, ही हकीगत फारशी कोणी सांगत नाहीं. तीच आज आमच्या बालवाचकांस व त्यांच्या पालकांस सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

धुंडिराजांचा जन्म ता. ३० एप्रिल १८७० रोजीं त्र्यंबकेश्वर येथें झाला. वडील गोविंद सदाशिव ऊर्फ दाजीशास्त्री हे संस्कृतचे चांगले पंडित होते. घरची वृत्ति धार्मिक, विद्या पिढीजाद, आणि मुलानें वडिलांच्या पावलावर पाऊल टाकून शास्त्राध्ययन करावें अशीच त्या काळीं कोणाचीही अपेक्षा असती. परंतु मुलाचा ओढा चित्रें काढण्याकडे, मातीच्या मूर्ति करण्याकडे व नाटकी सोंगें आणण्याकडे होता. पुढें दाजीशास्त्र्यांस मुंबईस विल्सन कॉलेजांत संस्कृत शिकविण्याची जागा मिळाली आणि कुटुंब मुंबईस आलें. या स्थलांतरामुळें त्र्यंबकच्या मुलास एका मोठ्या शहराचें दार उघडलें. १८८५ सालीं त्यानें मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत नांव घातलें. वडिलांनीं मुलाचा कल ओळखून त्यास अडविलें नाहीं, ही गोष्ट पालकांनीं ध्यानांत घेण्याजोगी आहे.

मुंबईंतील शिक्षणानंतर धुंडिराज आपल्या वडील बंधूंकडे बडोद्यास गेले. सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें १८९० सालीं बडोद्यास कलाभवन ही संस्था निघाली होती व तिचे प्रमुख प्रो. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे नामांकित रसायनशास्त्रज्ञ होते. चित्रकला, मूर्तिकला, वास्तुकला आणि रसायन एका छपराखालीं शिकावयास मिळतील अशी जागा त्या वेळीं आपल्याकडे क्वचितच होती. येथें फाळक्यांनीं तैलचित्रें व जलरंग यांचा अभ्यास केला, आणि १८९० च्या सुमारास एक कॅमेरा मिळवून फोटोग्राफीचा नाद धरला. १८९२ सालीं अहमदाबादेच्या औद्योगिक प्रदर्शनांत एका आदर्श नाट्यगृहाचा नमुना करून त्यांनीं सुवर्णपदकही मिळविलें.

त्या काळची फोटोग्राफी म्हणजे आजच्यासारखें बोटाच्या टोंकाचें काम नव्हतें, हें आमच्या तरुण वाचकांस सांगितलें पाहिजे. कॅमेरा म्हणजे तिवईवर उभी केलेली लांकडी पेटी. तिच्या मागील बाजूस पुस्तकाच्या पानाएवढी कांचेची प्लेट बसवावयाची. प्लेटीवर जिलेटिनच्या पातळ थरांत चांदीचा एक क्षार मिसळलेला असे. त्यावर प्रकाश पडला कीं डोळ्यांस कांहींच दिसत नाहीं, परंतु क्षाराच्या कणांत सूक्ष्म फरक होतो. मग अंधाऱ्या खोलींत, तांबड्या कांचेच्या मंद दिव्यापाशीं, ती प्लेट रसायनाच्या बशींत बुडवावयाची. हळूहळू प्रकाश लागलेले कण काळ्या चांदीचें रूप घेतात, आणि कोऱ्या कांचेवर चित्र उमटूं लागतें. परंतु उलटें, म्हणजे पांढऱ्याचें काळें व काळ्याचें पांढरें. नंतर हायपोच्या पाण्यांत उरलेला क्षार विरघळवून टाकावयाचा, प्लेट पुष्कळ पाण्यांत धुवावयाची व धूळ न लागूं देतां वाळवावयाची. उन्हाळ्यांत पाणी कोमट झालें कीं जिलेटिन मऊ पडतें व कधीं कधीं सारें चित्रच कांचेवरून सुटून येतें. म्हणून आपल्या देशांत हें काम रात्रीं, थंड केलेल्या पाण्यानें करणें सोयीचें असे. एखादें मिनिट अधिक झालें तर प्लेट काळी. कमी झालें तर फिकी. घड्याळ, पाणी, रसायन आणि संयम या चारांवर सारी मदार.

गज्जरांनीं या विद्यार्थ्याची पात्रता ओळखून त्यास रतलाम येथें पाठविलें. तेथें फाळके तीन रंगांचे ब्लॉक करण्याची व फोटोलिथोची विद्या शिकले. ही तिरंगी विद्या त्या वेळीं युरोपांतही नवीच होती. तिचें मर्म असें आहे: एकाच वस्तूचीं तीन चित्रें घ्यावयाचीं, एक तांबड्या कांचेंतून, एक हिरव्या कांचेंतून व एक निळ्या कांचेंतून. तांबड्या कांचेंतून घेतलेल्या निगेटिव्हवरून जो ब्लॉक होतो तो निळसर हिरव्या शाईनें छापावयाचा, हिरव्या कांचेचा किरमिजी शाईनें आणि निळ्या कांचेचा पिवळ्या शाईनें. तिन्ही ठसे एकावर एक अचूक बसले म्हणजे निसर्गांतले सारे रंग कागदावर उतरतात. ठसा केसाएवढा सरकला तरी माणसाच्या ओंठांची लाली गालावर जाते. डोळ्यांना जो रंग एक वाटतो तो तीन भागांत फोडून पुन्हां जुळवावयाचा, या शिस्तींत ज्याचें तारुण्य गेलें त्याला पुढें हजारों लहान चित्रें जोडून हालतें चित्र करणें अशक्य वाटलें नाहीं, यांत आश्चर्य तें काय?

परंतु विद्या अंगीं आली म्हणजे भाकरी मिळतेच असें नाहीं. फाळक्यांनीं गोध्रा येथें फोटोग्राफीचा धंदा मांडला. थोड्याच काळांत तेथें प्लेगनें थैमान घातलें आणि त्यांत त्यांची पत्नी व मूल दोन्ही दगावलीं. तें दुःख उरांत घेऊन ते बडोद्यास परतले. तेथें फोटो काढला तर अंगांतील शक्ति कॅमेऱ्यांत ओढली जाते व आयुष्य घटतें अशी लोकांची समजूत आड आली. धंदा बसला. मग नाटक कंपन्यांचे पडदे रंगविणें हा उद्योग त्यांनीं पत्करला. एका जर्मन जादूगाराकडून ते हातचलाखीचे व दृष्टिभ्रमाचे प्रयोग शिकले, आणि आपल्या आडनांवाचीं अक्षरें उलटसुलट करून प्रोफेसर केळफा या नांवानें १९०१ सालापासून स्वतः जाहीर प्रयोगही करूं लागले. वरवर पाहतां हा वेळ फुकट गेला असें वाटेल. परंतु पुढें पडद्यावर जे चमत्कार त्यांनीं दाखविले त्यांचें मूळ या जादूगिरींत आहे.

१९०२ सालीं त्यांचा दुसरा विवाह झाला. वधूचें माहेरचें नांव गिरिजा करंदीकर; लग्नानंतर त्या सरस्वतीबाई झाल्या. या बाईंचें नांव वाचकांनीं लक्षांत ठेवावें; कारण पुढील कथेंत त्यांचा वांटा दादासाहेबांच्या वांट्याहून फारसा कमी नाहीं. १९०३ सालीं फाळक्यांस सरकारी पुराणवस्तु-संशोधन खात्यांत फोटोग्राफर व नकाशे काढणारे म्हणून नोकरी लागली. नोकरी सुखाची होती. परंतु तींत मन रमेना. १९०६ च्या सुमारास ती सोडून त्यांनीं लोणावळ्यास ब्लॉक करण्याचा व छपाईचा कारखाना घातला आणि रविवर्मा छापखान्यासाठीं फोटोलिथोचें काम केलें. पुढें कारखाना मुंबईस दादर येथें आला व लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स या नांवानें चालूं लागला. १९०९ सालीं रंगीत छपाईचीं यंत्रें आणण्यासाठीं ते जर्मनीस जाऊन आले. त्यांच्या कारखान्यांतील रंगीत कामाची वाहवा झाली.

याच सुमारास फ्रान्स देशांत रंगीत फोटोचा एक नवा शोध बाजारांत आला होता. ज्या ल्यूमिएर बंधूंच्या माणसांनीं ता. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत हिंदुस्थानांतील पहिलीं हालतीं चित्रें दाखविलीं, त्याच बंधूंनीं १९०७ सालीं ऑटोक्रोम नांवाच्या प्लेटी विकावयास काढल्या. बटाट्याच्या पिठाचे अतिसूक्ष्म कण नारिंगी, हिरव्या व जांभळट रंगांत रंगवून ते कांचेवर पसरावयाचे आणि त्यांवर चांदीच्या क्षाराचा थर द्यावयाचा, अशी ही युक्ति होती. प्लेट धुतांना प्रथम नेहमींप्रमाणें उलटें चित्र येतें. मग तें काळें चित्र एका आम्ल द्रवांत विरघळवून टाकतात, आणि जो क्षार शिल्लक राहतो त्यास उजेड दाखवून दुसऱ्यांदा रसायनांत घालतात. त्यामुळें उलट्याचें सुलटें होतें, आणि प्लेट खिडकीशीं धरली म्हणजे आरपार उजेडांत रंगीत चित्र दिसतें. कागदावर छापलेल्या चित्राहून अशा पारदर्शक चित्राचे रंग अधिक जिवंत भासतात. कारण येथें उजेड चित्रावर पडत नाहीं, चित्रांतूनच डोळ्यांत येतो. चित्रपटाची पट्टी ही देखील याच जातीची वस्तु आहे. तीही पारदर्शकच, तिच्यांतून उजेड जातो तेव्हांच पडद्यावर चित्र उभें राहतें.

दादरच्या कारखान्यांत भागीदारांशीं मतभेद झाले आणि चाळिशी उलटलेले फाळके रिकाम्या हातीं बाहेर पडले. प्रतिस्पर्धी कारखाना काढण्याचें त्यांनीं नाकारलें. अशा उदास दिवसांत, १९११ च्या सुमारास, मुंबईंतील एका तंबूंत त्यांनीं ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताचें चरित्र सरकत होतें आणि फाळक्यांच्या मनांत राम व कृष्ण उभे राहात होते. आपल्या देशाच्या कथा आपल्याच माणसांनीं अशा पडद्यावर कां आणूं नयेत, हा एकच विचार त्यांना लागला. दुसऱ्या खेपेस ते सरस्वतीबाईंनाही बरोबर घेऊन गेले. पुढें महिनेच्या महिने त्यांनीं मिळेल तो चित्रपट पाहिला, फिल्मचे तुकडे आणून घरीं तपासले, पुस्तकें वाचलीं. झोंप व विश्रांति यांचा त्याग केल्यामुळें डोळ्यांवर असा ताण पडला कीं कांहीं काळ त्यांची दृष्टि जवळजवळ गेली. वेळेवर उपचार झाले म्हणून ती परत आली. चित्रांवर जगणाऱ्या माणसास याहून मोठी धोक्याची सूचना कोणती असावी? परंतु ते थांबले नाहींत.

पैसा उभा करण्यासाठीं त्यांनीं आपली विम्याची पॉलिसी गहाण टाकली आणि फेब्रुवारी १९१२ मध्यें ते लंडनला गेले. तेथें बायोस्कोप या नियतकालिकाचे संपादक कॅबोर्न यांनीं त्यांस सल्ला दिला व सेसिल हेपवर्थ या चित्रपटकारानें आपला कारखाना मोकळेपणानें दाखविला. परक्या देशांतील अनोळखी माणसास त्यांनीं हातचें न राखतां शिकविलें, हें त्यांस भूषणावह आहे. फाळक्यांनीं विल्यमसन जातीचा कॅमेरा व फिल्मला छिद्रें पाडण्याचें यंत्र खरेदी केलें, कच्च्या फिल्मची मागणी नोंदविली, आणि ता. १ एप्रिल १९१२ रोजीं ते मुंबईस परतले.

सावकार मात्र नुसत्या कल्पनेवर पैसे देईनात. तेव्हां फाळक्यांनीं एका कुंडींत वाटाण्याचा दाणा पेरला आणि कॅमेरा त्यावर रोखून ठेवून महिनाभर रोज थोडें थोडें चित्र घेतलें. ती फिल्म धुऊन पडद्यावर दाखविली तेव्हां महिन्याची वाढ मिनिटा-सव्वा मिनिटांत झाली. बीं फुटलें, कोंब वर आला, पानें उलगडलीं आणि वेल चढला. हें पाहून भांडवल देणारे पुढें आले. तरीही पैसा पुरेना, तेव्हां सरस्वतीबाईंनीं अंगावरचे दागिने काढून दिले.

आतां त्या अंधाऱ्या खोलीची कथा. दादर येथील राहतें घर हाच कारखाना झाला. परदेशाहून येणारी कच्ची फिल्म छिद्रांवांचून येत असे. चित्रपटाच्या पट्टीवर प्रत्येक चित्राच्या दोन्ही अंगांस चार चार छिद्रें लागतात. तीं नसतील तर पट्टी कॅमेऱ्यांत पुढें सरकत नाहीं. एका फूट पट्टींत सोळा चित्रें. म्हणजे २०० फुटांच्या एका गुंडाळींत ३,२०० चित्रें व २५,६०० छिद्रें. हें सारें काम अंधारांत, हाताच्या स्पर्शानें करावयाचें. कारण किंचित् उजेड शिरला तर गुंडाळी वाया. दिवसभर घरकाम व मंडळींचा स्वयंपाक करून सरस्वतीबाई रात्रीं हें काम करीत. दादासाहेबांनीं त्यांना छिद्रें पाडणें, रसायनें मिसळणें व फिल्म धुणें हें सर्व शिकविलें होतें. चित्रीकरणाच्या वेळीं उन्हाचा उजेड नटांच्या तोंडावर पाडण्यासाठीं पांढरी चादर धरून त्या तासन् तास उभ्या राहात. त्या काळीं ज्या घरांतील बायकांनीं ओसरीवर येणें हेंही धीटपणाचें समजत, त्या वर्गांतील एक स्त्री फिल्म धुण्याचें शास्त्र शिकली व तिनें तें चालविलें. पडद्यावर त्यांचें नांव आलें नाहीं. म्हणूनच तें आम्ही येथें आवर्जून लिहीत आहों.

प्लेट धुणें व फिल्म धुणें यांत तत्त्वाचा भेद नाहीं. भेद आहे तो लांबीचा. कांचेची प्लेट बशींत मावते, परंतु शेंकडों फूट पट्टी चौकटीवर गुंडाळून मोठ्या हौदांत बुडवावी लागते. पट्टीचा एक वळसा दुसऱ्याला चिकटला कीं तेथें डाग. सर्व भागांस रसायन सारखें लागलें पाहिजे, नाहीं तर पडद्यावर राजाचा चेहरा क्षणांत उजळेल व क्षणांत काळवंडेल. निगेटिव्ह तयार झाली म्हणजे तिच्याशीं दुसरी कोरी पट्टी लावून, उजेड देऊन, तीही पुन्हां धुवावयाची. तेव्हां कोठें दाखविण्याजोगी प्रत हातीं येते. म्हणजे प्रत्येक दृश्य निदान दोन वेळां अंधारांतून जातें, आणि दोहोंपैकीं एका वेळीं जरी चूक झाली तरी नटांचे श्रम, उन्हांतला दिवस व परदेशी फिल्मचे पैसे पाण्यांत जातात.

या गोष्टीचें महत्त्व दुसऱ्या एका उदाहरणावरून कळेल. ता. १८ मे १९१२ रोजीं, म्हणजे फाळक्यांच्या चित्रपटाच्या सुमारें एक वर्ष आधीं, कै. दादासाहेब तोरणे यांचा पुंडलीक हा चित्रपट मुंबईस दाखविला गेला. त्यांचें साहस कमी नव्हतें. परंतु तें रंगभूमीवरील नाटकाचें चित्रण होतें, कॅमेरा परदेशी माणसाच्या हातीं होता व फिल्म धुण्यासाठीं लंडनला पाठवावी लागली होती. फाळक्यांनीं छिद्रापासून पडद्यापर्यंत प्रत्येक कृति येथेंच, आपल्या घरीं व आपल्या माणसांकडून करून घेतली. जनकत्वाचा मान त्यांना मिळाला त्यामागें हें मोठें कारण आहे.

राजा हरिश्चंद्र हा चित्रपट सुमारें सात महिन्यांच्या श्रमानें तयार झाला. त्याची लांबी ३,७०० फूट होती. दत्तात्रय दामोदर दाबके हे हरिश्चंद्र झाले. तारामतीच्या भूमिकेस एकही स्त्री तयार होईना, म्हणून उपाहारगृहांत काम करणारे अण्णा साळुंके यांस साडी नेसविण्यांत आली. रोहिदास झाला तो फाळक्यांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र. ता. २१ एप्रिल १९१३ रोजीं ऑलिंपिया थिएटरांत निमंत्रितांस चित्रपट दाखविण्यांत आला आणि ता. ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें तो सर्वांस खुला झाला. लोकांची गर्दी लोटली.

या यशानंतर फाळक्यांनीं मुंबई सोडली आणि आपला कारखाना नाशिकास आणला. मुंबईच्या पैशापेक्षां नाशिकचा उजेड, नदी, डोंगर व जुने वाडे त्यांना अधिक मोलाचे वाटले असावेत. येथें त्यांनीं मोहिनी-भस्मासुर काढला. त्यांत दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई या दोघींनीं कामें केलीं आणि भारतीय चित्रपटांत स्त्रीनेंच स्त्रीची भूमिका करण्याचा आरंभ झाला. पाठोपाठ सत्यवान-सावित्री निघाला. १९१४ सालीं हे तिन्ही चित्रपट घेऊन ते पुन्हां लंडनला गेले. तेथील जाणत्यांनीं त्यांच्या कामाची, विशेषतः तांत्रिक सफाईची, स्तुति केली व तेथेंच राहून काम करण्याविषयीं त्यांस विचारणाही झाली. त्यांनीं ती नाकारली. परंतु ते परतले तों महायुद्ध पेटलें. कच्ची फिल्म महाग झाली व सावकारांनीं हात आखडते घेतले. तरीही १९१७ सालीं लंकादहन बाहेर पडला. त्यांत अण्णा साळुंके यांनीं राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकट्यानें केल्या, आणि हनुमानाचें उड्डाण पाहून प्रेक्षक थक्क झाले. जादूगार केळफा येथें उपयोगी पडला.

ता. १ जानेवारी १९१८ पासून भागीदारांच्या साह्यानें हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी नाशिकास सुरू झाली. त्याच वर्षीं श्रीकृष्णजन्म आणि १९१९ सालीं कालियामर्दन निघाला. बाळकृष्णाची भूमिका फाळक्यांची लहान कन्या मंदाकिनी हिनें केली. परंतु यशाबरोबर कलहही आला. फाळक्यांस कामांत काटकसर सहन होत नसे. भागीदारांस हिशेब हवा असे. दोन्ही पक्षांचें म्हणणें आपापल्या परीनें बरोबर होतें. आमच्या चरित्रनायकाचा स्वभाव हट्टी होता व हिशेबाच्या वहीपेक्षां कॅमेऱ्याकडे त्याचें लक्ष अधिक होतें, हें सांगण्यांत त्याचा उपमर्द होतो असें आम्हांस वाटत नाहीं. ते कंपनी सोडून काशीस गेले, तेथें रंगभूमि नांवाचें नाटक लिहिलें, आणि कांहीं वर्षांनीं पुन्हां त्याच कंपनींत परतून चित्रपट काढूं लागले. परंतु पूर्वींचा बहर परत आला नाहीं.

पुढें चित्रपट बोलूं लागला. फाळक्यांचा सेतुबंधन हा १९३२ सालचा चित्रपट मुका होता. त्यास मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ सालीं कोल्हापूर सिनेटोनसाठीं त्यांनीं गंगावतरण हा आपला एकमेव संपूर्ण बोलपट केला. तेव्हां त्यांचें वय सदुसष्ट होतें. तिकडे रंगाचें युग उजाडत होतें. पुण्याच्या प्रभात कंपनीनें १९३३ सालीं सैरंध्री हा चित्रपट रंगीत करण्यासाठीं जर्मनीस नेला, परंतु रंग मनाजोगे उतरले नाहींत. आणि १९३७ सालीं किसानकन्या हा रंगीत चित्रपट आपल्याच देशांत तयार झाला. ज्यानें तिरंगी विद्येनें आपल्या उमेदीचा आरंभ केला, त्या पुरुषास रंगीत चित्रपट काढण्याचा योग मात्र आला नाहीं.

अखेरचीं वर्षें त्यांनीं नाशिकांत काढलीं. शंभराच्या आसपास लहानमोठे चित्रपट करूनही घरांत संपत्ति उरली नव्हती. जो धंदा त्यांनीं उभा केला तो आतां लाखों रुपयांचा झाला होता, परंतु त्यांत त्यांना जागा नव्हती. ता. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीं, नाशिक येथें त्यांचें देहावसान झालें. १९६९ सालापासून भारत सरकारनें त्यांच्या नांवाचें पारितोषिक सुरू केलें. पहिला मान देविकाराणी यांस मिळाला. १९७१ सालीं त्यांच्या स्मरणार्थ टपालाचें तिकीट निघालें. नाशिकास पांडवलेण्यांच्या पायथ्याशीं त्यांचें स्मारकही उभें आहे. मान उशिरां आला, परंतु आला.

त्यांच्या कृतींपैकीं मात्र फारच थोड्या उरल्या आहेत. त्या काळची फिल्म नायट्रेट जातीची असे. ती झटकन् पेट घेते व नुसती ठेवली तरी वर्षांनीं चिकट होऊन शेवटीं तिची पूड होते. राजा हरिश्चंद्राचीं कांहीं रिळें, लंकादहन व श्रीकृष्णजन्म यांचे कांहीं भाग, कालियामर्दनाचा बराच भाग, आणि चित्रपट कसा तयार होतो हें दाखविणारी एक लहानशी फिल्म, हा त्यांतील मुख्य ठेवा. १९६४ सालीं पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें, त्यानंतर अशा तुकड्यांची नीट जपणूक होऊं लागली. त्या लहान फिल्ममध्यें स्वतः दादासाहेब काम करितांना दिसतात. सरस्वतीबाईंच्या रात्रींच्या श्रमांचें चित्र मात्र कोणीं घेतलें नाहीं. अंधारांतील कामाचें चित्र निघतही नाहीं.

आमच्या कांहीं वाचकांस वाटेल कीं अंधाऱ्या खोलीची ही विद्या आतां इतिहासजमा झाली. तसें नाहीं. १९४० नंतरच्या दशकांत घरीं धुतां येईल अशी रंगीत पारदर्शक फिल्म निघाली, आणि आजही हौशी मंडळी चार इंच रुंद व पांच इंच लांब, किंवा त्याहूनही मोठ्या अशा फिल्मच्या पानांवर रंगीत चित्रें घेऊन तीं घरींच धुतात. त्यांतील तत्त्व तेंच: आधीं उलटें चित्र, मग त्याचें सुलटें, चांदी शेवटीं सगळी निघून जाते व रंग मागें राहतात. पहिल्या द्रवाची उष्णता ३८ अंश सेंटिग्रेड ठेवावी लागते व ती अर्ध्या अंशानें जरी हालली तरी चित्राचा तोल बिघडूं लागतो. फिल्म डब्यांत भरण्याचें काम पूर्ण अंधारांत, बोटांनींच करावें लागतें. शंभर वर्षांपूर्वीं दादरच्या घरांत जी शिस्त लागत होती तीच आजही लागते. या रसायनांस मुलांनीं वडील माणसांवांचून हात लावूं नये, हेंही येथेंच सांगून ठेवितों.

या चरित्रापासून काय घ्यावें? धाडस घ्यावें हें तर खरेंच. परंतु आमच्या मतें त्याहून मोठा धडा दुसरा आहे. फाळक्यांचें एकही वर्ष वाया गेलें नाहीं: चित्रकला, रसायन, तिरंगी ठसे, पडदे रंगविणें, जादू, छपाई, हें सर्व एका दिवशीं एकत्र आलें व त्याचा चित्रपट झाला. आज जें शिकतों त्याचा उपयोग काय, असें विचारणाऱ्या विद्यार्थ्यानें ही गोष्ट मनांत ठेवावी. आणि पालकांस आमची विनंति अशी कीं, मोठ्या कामाची किंमत एकटा कर्ता देत नाहीं. त्याचें घर देतें. दागिने, झोंप, मुलांचें बाळपण, सारें त्या हौदांत पडतें. म्हणून दादासाहेबांचें नांव घेऊं तेव्हां सरस्वतीबाईंचेंही घ्यावें, आणि आपल्या घरांतील अंधाऱ्या खोलींत कोण राबतें आहे याची चौकशी ज्यानें त्यानें करावी.